परत नेलेली बटणं

खरेदीवाल्या बाई फ्रॉक उलटा करून शिवण बघत होत्या, तेवढ्यात बटणवाले काका धापा टाकत जिना चढून आले.

"थांबा! ती बटणं लावू नका."

"काका, लावून झाली. साठच्या साठ फ्रॉकना," मालकीण हळूच म्हणाली. एवढ्या मोठ्या दुकानाची ही पहिलीच ऑर्डर. माल पसंत पडला तर दर महिन्याला काम. नाहीतर चारातली दोन मशीनं विकायची, हे खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

"काल नातीने असलंच एक बटण दातांनी ओढलं, तर मागची कडीच निखळली. गिळलं असतं म्हणजे? माझाच माल आहे, म्हणून सांगतोय. परत नेतो."

"वेळ अगदी बघून आलात हो!" मशीनवरच्या मावशी पुटपुटल्या.

मालकिणीच्या कडेवरच्या लेकीने एक फ्रॉक मुठीत धरून तोंडाकडे नेला होता. मालकिणीने ती मूठ एकेक बोट करत सोडवली.

"काढा सगळी," ती म्हणाली.

कात्र्या चालू झाल्या.

"मला माल आजच न्यायचा होता," बाई म्हणाल्या.

"माहितीये. आज नाही देता येणार."

बाई काकांकडे वळल्या. "मी आज इथे येणार, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं ना. म्हणून तर रिक्षा केली!" काकांनी घाम पुसत मालकिणीकडे बोट केलं. "अहो, ही पहिल्यांदा आली तेव्हा अख्खी दुपार माझ्याकडे बसली होती. बटण कशाचं करता, रंगवतं कोण... बाकीची गिऱ्हाइकं भाव विचारतात. हिने माझ्या रंगाऱ्याच्या कंबरदुखीचीसुद्धा चौकशी केली. तिला न सांगून कसं चालेल?"

बाईंनी हातातला फ्रॉक खाली ठेवला. टेबलावर बटणांचा ढीग वाढत होता.

"आम्हाला माल देणारे सत्तरजण आहेत," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "पाच वर्षांत एकाचाही असा निरोप नाही. मला वाटायचं, सगळं छान चाललंय."

मावशींनी पायानेच एक स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या.

"बुधवारी येते पुन्हा. तोवर नवी लावून ठेवा," त्यांनी मालकिणीला सांगितलं. मग जरा संकोचून काकांना विचारलं,

"तुमचा कारखाना दुपारी उघडा असतो?"