तेल-शेंदूर

हिंगणी गावच्या दंडारीच्या लोकनाट्यात नाचवायचा नरसिंहाचा लाकडी मुखवटा शंभर वर्षांचा होता. तो विकत घ्यायला भूपेंद्रशेठ वर्ध्याहून आले, तर कौशल्याबाई त्याच्यावर जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर थापत बसलेल्या. शेठचं टाळकंच सरकलं.

"काही अक्कल आहे का बाई? एवढं नाजूक कोरीवकाम, पार बुजवून टाकलं!"

"दरसाल लावतो जी. माही सासूबी लावे, तिची सासूबी लावे. देवाचं तोंड कोरडं ठेवत नाई."

"म्हणूनच तुमच्या हातात काही टिकत नाही!" शेठ कडाडले. "मागच्या साली याच गावातून पाच मुखवटे नेले मी. सगळा शेंदूर खरवडला, घासूनपुसून लख्ख केले आणि काचेच्या कपाटात ठेवले. जुनी वस्तू अशी जपायची असते!"

कौशल्याबाईंचा हात थांबला नाही. "मंग त्याईले भुंगा नाई लागला?"

शेठनं गाडीत बसून दार आपटलं.



सकाळीच त्यांच्या बायकोनं त्या काचेच्या कपाटातून सुपलीभर पिवळा भुसा काढला होता, आणि त्या भुशात एका मुखवट्याचं अख्खं नाक होतं.