तुलनेचं गाव

"हाय न्हवं मी जित्ती? मंग लिवा की," दगडाबाई म्हणाली आणि म्हशीपुढं उसाचे वाढे टाकायला वाकली. वाकली ती पोटावर हात दाबून तिथंच खाली बसली.

सिंधुबाई नर्स वही घेऊन चारा छावणीत फिरत होती. दुष्काळानं सहकारी साखर कारखाना बंद पडला होता आणि त्याच्या आवारात दोन गावांची माणसं आपल्या जनावरांसह उन्हाळा काढत होती. दगडाबाईच्या गावात सिंधुबाई वर्षातून एकदा जायची. कोणती बाई जिवंत आहे, कोणती गेली, कशानं गेली, एवढंच लिहून आणायची. यंदा गावच छावणीत आलं होतं. शेण, उन्हात सडलेले वाढे, टँकरच्या पाण्यावरचा डिझेलचा तवंग. त्या सगळ्यातून तिला आणखी एक वास आला. तो दगडाबाईच्या लुगड्याला येत होता, आणि सिंधुबाईच्या ओळखीचा होता.

"किती दिवस जातंय अंगावरून?"

"दोन वर्सं. मागल्या खेपंला सांगितलं व्हतं तुमाला. तुमी म्हनल्या, दवाखान्यात जा. गेलते. ताकदीच्या गोळ्या दिल्या त्यांनी."

शेजारच्या खुंट्याला गाय बांधणारी मदिनाबी दुसऱ्या गावची. तिनं मान वळवली.

"शिस्टर, हिला तो सिरका कावून लावला न्हाई? मला तुमीच लावलता. पांढरं निघालं, तर गाडीत घालून नेलं, गार गॅसनं तेवढी जागा जाळली, सांजच्याला घरी. दोन दिवसांत पाणी भरायला लागले मी."

"सिरका?" दगडाबाईनं विचारलं. "लोणच्यात घालत्यात त्यो?"

"तोच," सिंधुबाई म्हणाली. "गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचा. रोग धरत असला तर तेवढी जागा पांढरी दिसते."

"मंग आमच्या गावाला त्यो कावून न्हाई?"

"चिठ्ठी काढली होती, दगडाबाई. कुठल्या गावात तपासणी करायची, कुठल्या नाही. तुमचं गाव तुलनेला निघालं."

"तुलनेला म्हंजी?"

उत्तर सिंधुबाईला पाठ होतं. प्रशिक्षणात तिनं ते न अडखळता म्हणून दाखवलं होतं. आता ते जिभेवर आलं, तशी तिनं वही मिटली. ती जीपकडं गेली.

कॅन्सर तपासणी प्रकल्पाचे डॉक्टर जीपमध्ये नाकाला रुमाल लावून बसले होते.

"सर, त्या बाईला तपासायला हवं. आत्ता."

"कोणत्या गावची?"

सिंधुबाईनं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "मग दवाखान्यात जायला सांगा. आपण हात लावायचा नाही. एकीला लावलात की सगळ्या येतील. तुलना बिघडेल."

"सिरका चालतो हे दिसतंय की, सर."

"दिसून भागत नाही, सिद्ध व्हावं लागतं. अमेरिकेत साठ वर्षांपासून बायकांची ही तपासणी होते. तिथं हा कॅन्सर खूपच कमी झाला. पण त्यांची पद्धत महागडी, आपल्याला परवडत नाही. ही स्वस्तातली सिद्ध झाली, तर जगभरच्या गरीब बायका वाचतील. त्यासाठीच तिकडून पैसा येतो."

"आणि सिद्ध कशी होणार? या गावातल्या जास्त मेल्या म्हणजे?"

"त्या आपल्यामुळं मरत नाहीत, सिस्टर. नाहीतरी मेल्याच असत्या. आपण फक्त मोजतो."

डॉक्टरांनी हे अगदी शांतपणे, समजावून सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. मदिनाबीला गाडीतून नेताना त्यांनी स्वतःची जागा तिला दिली होती. ते आठवलं तेव्हा सिंधुबाईला जास्तच घाण वाटली, त्यांची आणि स्वतःची. सहा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती. सहा वर्षं तिनं न चुकता मोजलं होतं.

तिनं जीपच्या मागून उकळलेल्या हत्यारांचा डबा काढला, सिरक्याची बाटली आणि कापूस घेतला.

"सिस्टर, नोकरी जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली.

आवाराच्या कडेला दूध सोसायटीची पत्र्याची खोली होती. कॅन बाजूला सारून तिनं दगडाबाईला बाकावर निजवलं. मदिनाबीनं दाराला लुगडं आडवं धरलं. सिंधुबाईनं टॉर्च लावला. सिरक्याची बाटली उघडायची वेळच आली नाही. जे तीन वर्षांपूर्वी कापसाच्या एका बोळ्यानं दिसलं असतं, ते आता नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. हात लावताच रक्त आलं.

"वाईट हाय का?" दगडाबाईनं पत्र्याकडं बघत विचारलं.

"हाय. नगरच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागंल. आजच. मी येते संगं."

"म्हशीचं काय?"

"म्हशीला मी बघते," मदिनाबी दारातून म्हणाली. "तू ऊठ."

एस.टी.ला तासभर अवकाश होता. दगडाबाईला लुगडं नेसवून, पाणी पाजून सिंधुबाई तिला धरून बाहेर आली, आणि थांबली. खोलीपासून टँकरपर्यंत बायका उभ्या होत्या. कुणाच्या हातात शेणाची पाटी, कुणाच्या कडेवर पोर. सगळ्या दगडाबाईच्या गावच्या. पलीकडं जीप चालू झाली आणि धूळ उडवत गेली.

सगळ्यात पुढं म्हातारी सरूबाई होती. ती कुणाला न विचारता आत गेली आणि बाकावर आडवी झाली. सिंधुबाईनं दगडाबाईला मदिनाबीजवळ बसवलं, हात धुतले, सिरक्याची बाटली उघडली, कापूस भिजवला.

"घाबरू नका, मावशी. दुखणार नाही."

"दुखू दे की," सरूबाई म्हणाली. "पर बघ, बाई."