कोच ट्रॅव्हनिकचे तीन टाइमआउट

टोबिनने किक मारली आणि चेंडू त्याला हवा होता तिथेच गेला, म्हणजे खांबाच्या चांगला हातभर बाहेर. सगळं स्टेडियम कण्हलं. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात एका गुणाने मागे असलेल्या त्याच्या संघाची ती शेवटची किक होती; दोन खांबांमधून गेली तर जिंकले, नाहीतर हरले. तेवढ्यात पंच हात हलवत धावत आला. किक रद्द! चेंडू हलण्याआधीच पाहुण्यांच्या कोच ट्रॅव्हनिकने टाइमआउट मागितला होता.

म्हातारा या खोडीसाठीच बदनाम होता. ऐन किकच्या वेळी खेळ थांबवायचा आणि पोराला ताटकळत ठेवायचं. विचार करकरून भल्याभल्यांचे पाय लटपटतात. आणि एका टाइमआउटने त्याचं पोट कधीच भरत नसे.

किकसाठी चेंडू धरून देणारा लाइल उठला. तो टोबिनचा खोलीतला जोडीदार, आणि सगळ्यात जवळचा मित्रही.

"मुद्दाम बाहेर मारलीस ना?"

"वेडा आहेस का?"

"डावा पाय खांबांकडे नाही, कोपऱ्याकडे रोवलास. दुनिया चेंडू बघते, लेका, मी तुझा पाय बघतो. विकला गेलास?"

टोबिनला रडूच फुटलं. सकाळी फोन आला होता. सामन्यावर कुणीतरी मोठा सट्टा लावला होता आणि टोबिनच्या कॉलेजने हरायला हवं होतं. त्याची धाकटी बहीण डेला कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. आमचा माणूस तिच्या पाठीमागेच बसेल, तोंड उघडलंस तर ती घरी येणार नाही, असं तो आवाज म्हणाला होता. आणि तिच्या मागच्या बाकावर करड्या टोपीतला एकजण खरंच बसला होता. त्याने दिवसभरात एकदाही टाळी वाजवली नव्हती.

"आणि हे तू एकटा घेऊन फिरतोयस? गाढवा!"

"कुणाला सांगू नकोस, लाइल. हात जोडतो."

लाइल पाणी प्यायला म्हणून मैदानाच्या कडेला गेला. आमच्याकडे कॉलेजच्या सामन्यात प्रत्येक कोचच्या पाठीशी राज्य पोलिसांचा एक गडी सामनाभर उभा असतो. शोभेचा म्हणून लोक त्याची टिंगल करतात. त्या गड्याने, सार्जंट ओस्ट्रँडरने, लाइलचं बोलणं ऐकलं, वळूनही न पाहता तो खांद्यावरच्या वायरलेसमध्ये काहीतरी पुटपुटला.

टाइमआउट संपला. बँडकडे निघालेले पोलीस अजून जिन्यातच होते. टोबिन जागेवर उभा राहिला. आत मारली तर डेला, बाहेर मारली तर सगळ्या संघाचा घात. तेवढ्यात शिट्टी वाजली.

ट्रॅव्हनिकचा दुसरा टाइमआउट. प्रेक्षकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग त्याने हक्काचा शेवटचा, तिसराही घेतला. पोरगा घामाने निथळतोय हे पाहून म्हातारा खुशीत च्युइंगम चघळत होता.

तिसरा संपत आला आणि बँडच्या मागे झटापट उडाली. दोन पोलिसांनी करड्या टोपीवाल्याला बाकावर पालथा दाबला. काय चाललंय ते न कळून डेला ट्रॉम्बोन छातीशी धरून उभी होती. सुखरूप होती.

लाइलने चेंडू धरला. टोबिनने डावा पाय सरळ रोवला. चेंडू खांबांच्या अगदी मधून गेला.

सामन्यानंतर हात मिळवायला ट्रॅव्हनिक स्वतः आला. "तीनच्या तीन टाइमआउट जाळले तुझ्यावर, पोरा. दुसरा कुणी कोलमडला असता. उभ्या उभ्या मनात काय चाललं होतं तुझ्या?"

"तुम्ही अजून एक मागावा, सर," टोबिन म्हणाला आणि त्याने म्हाताऱ्याला घट्ट मिठी मारली.