नव्या पिकअपचे तीन पोचे

पोचा पहिला. टाइल्सच्या दुकानासाठी घेतलेली नवीकोरी पिकअप नवऱ्याने गेटच्या खांबावर घातली. "स्टिअरिंग ढिलं आहे. मी वळवतो, मग ती विचार करून वळते."

"मी चालवते तेव्हा बरी वळते," बायको म्हणाली.

पोचा दुसरा. तोच नवरा, तोच खांब. बायकोने महिनाभर येईल त्या गिऱ्हाइकाला दोन्ही पोचे दाखवले. शेवटी नवरा तिला घेऊनच गॅरेजात गेला.

मेकॅनिकने स्टिअरिंग हलवून पाहिलं, खाली शिरून स्क्रू आवळला. "वहिनी, चार बोटं नुसतंच फिरत होतं. साहेबांची काही चूक नाही. तुम्ही नकळत जास्त फिरवत असणार."

नवऱ्याची मान ताठ झाली. गिऱ्हाइकांना काय काय सांगायचं, ते त्याने वाटेतच ठरवलं.

पोचा तिसरा. गेटपाशी स्टिअरिंग बायकोच्या हातात होतं. सवयीने तिने ते जास्तच फिरवलं आणि या वेळी गाडीने लगेच ऐकलं.

नवरा उतरला. त्याने खांब पाहिला, पोचा पाहिला, मग बायकोचा चेहरा पाहिला.

"मेकॅनिकने नीट आवळलेलं दिसत नाही."

"तरी मी म्हणतच होते," बायको म्हणाली.