पक्का माऊंट

“काका, नेम चुकून कुणाचा डोळा गेला, तर दोष दुर्बिणीच्या माऊंटचा का माणसाचा?”

तेजस्विनीने विचारूनच टाकलं. दहावी ‘ब’च्या पोरींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर बंदुकीच्या दुकानात हे विचारून दाखव. जिल्ह्यात एअर रायफलचं पदक मिळाल्यापासून तिच्यात हिंमत नुसती ओसंडून चालली होती.

शेजारी उभ्या बाबांचा हात काउंटरवर थबकला.

“माऊंटचा,” तेच म्हणाले. “शंभरदा सांगितलंय ना तुला?”

दुकानदार काका हसले. “सावळीरामभाऊ, पोरगी वकील होणार तुमची.”

“नेमबाज,” तेजस्विनी म्हणाली.

“आधी दहावी पास हो. मग बघू,” बाबा म्हणाले.

हे ‘मग बघू’ तिला पाठ होतं. पुण्याच्या अकॅडमीचं नाव तिने घरात तीनदा काढलं होतं आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ ‘नाही’ असाच निघाला होता.

हवेची बंदूक खोळीतच काउंटरवर आडवी पडली होती. ऑक्टोबरपासून ती कपाटातून बाहेर निघाली नव्हती. आता गिरणारे गावातल्या त्यांच्या मळ्यात द्राक्षाच्या मण्यांत साखर भरत होती, पाखरं बागेवर तुटून पडत होती. बंदूक पुन्हा लागणार होती. पण त्याआधी दुर्बीण घट्ट धरून ठेवणारा पक्का माऊंट बसवायचा, असं बाबांनी चारचौघांत सांगितलं होतं. पुन्हा तसं व्हायला नको.

तसं म्हणजे मंगळूसारखं. पेठकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळीचा मंगळू मुकादम. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी बाबा पाण्याच्या टाकीवरचं माकड हुसकावत होते. माऊंट सरकला आणि छर्रा टाकीखाली उभ्या मंगळूच्या डाव्या डोळ्यात गेला. बिचारा त्याच दिवशी टोळी घेऊन दुसऱ्या बागेत निघाला होता, गाठोडीसुद्धा बांधून झाली होती. मग कसला जातोय. बाबांनी स्वतः गाडीत घालून त्याला गंगापूर रोडच्या दवाखान्यात नेलं, सगळा खर्च केला, पुढे गेटवर कायमचं काम दिलं. टोळीही मग हलली नाही, छाटणी वेळेत झाली. सावळीरामभाऊ म्हणजे देवमाणूस, असं गाव अजून म्हणतं. तेजस्विनी महिनाभर रोज मंगळूची पट्टी बदलायला जायची.

खरं तर बंदूक तोवर शहाण्यासारखी वागत होती. दसऱ्याला ती पूजेत होती. आईने तिला हळदकुंकू वाहिलं, आणि तेजस्विनीने आपल्या मरून नेलपॉलिशने दुर्बिणीखालच्या स्क्रूंपासून माऊंटवरून थेट नळीपर्यंत पट्टे ओढले. आई जाम ओरडली होती. पट्टे वाळल्यावर बाबांनी पन्नास पावलांवर टांगलेलं लिंबू पहिल्या छर्ऱ्यात पाडलं, तेव्हा आईसुद्धा हसली.

काकांनी दोन माऊंट पुढे सरकवले. “हा हलका, ॲल्युमिनियमचा, दोन तुकड्यांत. दिसायला झकास. पण स्प्रिंगची बंदूक पुढं झटका देते, मागंही देते. हा कधी ना कधी सरकणार. हा दुसरा अखंड पोलादी. खालची खुंटी बंदुकीच्या खाचेत बसते. बंदूक मोडेल, पण हा जागचा हलायचा नाही.”

“हाच द्या,” बाबा म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. द्राक्षाचा व्यापारी होता. ते बोलत बोलत बाहेर गेले.

तेजस्विनी माऊंट हातात तोलत होती. “पण ढिला पडायला लागला तर कळणार कसं?”

“अगदी सोपं. स्क्रूवरून माऊंटवर आणि माऊंटवरून बंदुकीवर रंगाची एकच रेघ ओढायची. काहीही केसभर हललं की रेघ तुटते. आण इकडं, जुना काढून हा बसवूनच देतो.”

काकांनी खोळीच्या चेनला हात घातला. तेजस्विनीने बंदूक आपल्याकडे ओढली.

“राहू द्या काका. मी घरी बसवते. पदक काय उगाच मिळालंय?”

मळ्याचं गेट मंगळूने उघडलं. उजव्या डोळ्याने बघायचं म्हणून तो हल्ली मान वाकडी करायचा.

“ताई, आणला का चांगला?”

“आणला. एकदम पक्का.”

“बरं झालं. भाऊंचा काय दोस नाय त्यात. यंतर हाय, फसवतं कधी.”

तेजस्विनी त्याच्याकडे बघून गोड हसली.

घरात आईने चहा ओतला होता. तेजस्विनीने खिडकीजवळच्या उजेडात खोळीतून बंदूक काढली आणि टीपॉयवर ठेवली.

“आई, दसऱ्याचे माझे पट्टे बघ. ओरडली होतीस ना? चारही स्क्रू बघ. एकही रेघ तुटलेली नाही.”

“मग?”

“मग काही नाही. दुकानातले काका म्हणाले, माऊंट केसभर जरी सरकला असता, तरी रेघ तुटली असती.”

बाबांनी कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला. आई बंदुकीकडे बघत राहिली, मग बाबांकडे. मग उठली आणि गेटकडची खिडकी लावून घेतली.

“तेजू,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “मंगळूला तू—”

“मंगळूला कशाला?” तेजस्विनीने बंदूक पुन्हा खोळीत घातली आणि चेन ओढली. “मी ठरवलंय. दहावी झाली की पुण्याला जाणार, अकॅडमीत, होस्टेलला राहून. नवी रायफलही घेणार. हा नवा माऊंट या बंदुकीला बसवायचा नाही. आणि ही अशीच राहील, माझ्या कपाटात.”