एडमंटन ते घर, साडेआठ तास

कोरिनाने पुन्हा बोटं मोजली. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या एडमंटनहून सकाळी सहाला विमान सुटतं. चार हजार किलोमीटर, पाच तास. तिकडचं घड्याळ इथल्या, न्यूफाउंडलंडच्या, साडेतीन तास मागे. म्हणजे इथे अडीचला उतरणार. विमानतळ ते फ्लॅटरॉकमधलं घर, फार तर अर्धा तास. तीन.

पण बाबा घरी यायचा सहाला, आजही तसाच येणार. वीस दिवस तेलाच्या खाणीवर, आठ दिवस घरी, आणि दर खेपेला हे तीन तास गायब.

"वारा उलटा लागत असेल," आई बटाटे सोलत म्हणाली.

"वारा पश्चिमेचा असतो, आई. त्याला मागून ढकलत आणतो. मासेमाराच्या नातीला वारा शिकवतेस?"

"मग विमान जड झालं असेल. तुला काय करायचंय?"

"शेजारचा डर्मट त्याच विमानाने येतो. तीनला घरात चहा ढोसत बसलेला असतो!"

आईने सुरी खाली ठेवली. आता पेटणार ही, असं कोरिनाला वाटलं. पण आईने कोट चढवला, खुंटीवरची एक किल्ली खिशात टाकली. "चर्चमध्ये भरतकामाला चाललेय. धाकट्यांना जेवायला घाल. आणि डोकं जरा थंड ठेव."

भोळी बाई! हिला कुणीही गुंडाळावं. धाकट्यांपुढे ताटल्या आदळून कोरिना चुलतभावाची गाडी घेऊन सुटली.

अडीच वाजून गेले आणि बाबा विमानतळातून बाहेर आला. खांद्यावर पिशवी, आणि दाढी गुळगुळीत. विमानात दाढी कोण करतं? जाताना पार्किंगमध्ये लावून गेलेल्या आपल्या गाडीकडे तो निघाला. चक्क धावत. घरात शिरताना तो कधी धावला नव्हता.

गाडीत आधीच कुणीतरी बसलं होतं. दुरून फक्त पुढे ओढलेली टोपी दिसत होती, तोंड पलीकडे. बाबा आत शिरला आणि त्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून तसाच राहिला. बराच वेळ. मग दोघं एकाच कागदातून बटाट्याचे काप खायला लागली.

कोरिनाच्या डोक्यात सणक गेली. आईला हे कसं सांगायचं, ते नंतर बघू. तरातरा पार्किंग ओलांडून तिने काचेवर मूठ आपटली.

"बाहेर ये, भवाने!"

काच खाली आली. आत आई होती. हनुवटीला मीठ लागलेलं.

"तू? आणि भरतकाम?"

बाबा मांडीकडे बघत पुटपुटला, "आज वारा जरा..."

"गप रे, लिओ." आई कोरिनाकडे वळली. "घरी चार पोरं आणि कागदासारख्या भिंती. सहाला येईल तो तुमचा बाबा. तोवर हा माझा आहे. कळलं?"

आणि काच वर गेली.