समोर बसून

"मावशी, गोळ्या माझ्यासमोरच गिळायच्या," तो म्हणाला. "नंतर घेते, हे चालणार नाही."

इस्त्रीवालीने गोळ्या तळहातावर उलटसुलट करून पाहिल्या आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिल्या. आत त्याची बायको खाटेवर चढून मच्छरदाणीची दोरी खिळ्याला बांधत होती. दोघंही आरोग्य खात्यात: तो हत्तीरोगाच्या गोळ्या वाटणारा, ती हिवतापाच्या मच्छरदाण्या. आजवर दोघांच्या पिशव्या वेगळ्या, साहेब वेगळे, दिवसही वेगळे. यंदा वरच्यांना शहाणपण सुचलं. डास एकाच खिडकीतून येतात, मग आपली माणसं दोनदा कशाला पाठवायची? दोन्ही मोहिमा एक झाल्या आणि या दोघांची जोडी लागली. "घरी भेटत नाही, निदान कामावर तरी भेटा," साहेब म्हणाले. सगळे हसले. खोटं नव्हतं त्यात काही.

सकाळपासून मच्छरदाण्या हातोहात जात होत्या. गोळ्यांना मात्र कुणी हात लावेना. ते त्याच्या जिवाला लागलं होतं. गल्लीने अशी पाठ फिरवली तर रोग इथेच मुक्काम ठोकणार.

"मावशी, दुखत-खुपत नाही तेव्हाच घ्यायची असते ही गोळी. सूज आल्यावर हात चोळत बसावं लागतं."

"दर वर्षी हेच सांगता," इस्त्रीवाली म्हणाली. "राग नका मानू, पण तुमच्याच आईचा पाय सुजलाय. गोळीवाल्याच्या घरात ही गत, तर आम्ही कशाला घ्यायच्या?"

आत बायकोच्या हातातून दोरी सुटली. "कुणाच्या आईचा?"

"अख्ख्या गल्लीला माहीत आहे. कपडे घेऊन येतात तेव्हा या स्टुलावर टेकतात. चपलेचा पट्टा लागत नाही त्यांना."

पिशव्या तिथेच टाकून दोघं घराकडे निघाली. अर्ध्या वाटेत बायकोला राहवलं नाही.

"अहो, गोळ्या दिल्या होत्यात ना त्यांना?"

"फडताळात ठेवून जातो की दर वर्षी. तू मच्छरदाणी लावली होतीस ना?"

"आणून दिली होती."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर घर एकच होतं.

आई खाटेवर बसून भाजी निवडत होती. पायांवर चादर होती. ती नेहमीच असायची, म्हणून त्याने कधी विचारलं नव्हतं. आज त्याने खाली बसून ती बाजूला केली. उजव्या पायाचा घोटा सुजेत बुडून गेला होता. घरोघर जाऊन "पाय दाखवा" म्हणणाऱ्या माणसाला आईच्या पायाकडे बघवेना. त्याला लाज वाटली आणि रडूही आलं.

"बोलली का नाहीस गं?"

"म्हातारपणाची सूज म्हटलं, त्यात काय सांगायचं. तुम्ही दोघं दमून येता."

बायकोने फडताळ उघडलं. वरच्या खणात मच्छरदाणी होती, पाकीटसुद्धा न फोडलेली. शेजारच्या डब्यात गोळ्या होत्या. प्रत्येक वर्षाची वेगळी पुडी, दोऱ्याने नीट बांधलेली.

"आई, अगं घेतल्या का नाहीस?" तो जवळजवळ ओरडलाच.

आईने भाजीची जुडी खाली ठेवली आणि नवलाने त्याच्याकडे पाहिलं.

"तूच तर सगळ्यांना सांगत फिरतोस, जेवून घ्यायच्या आणि कुणीतरी समोर बसलेलं असताना गिळायच्या," ती म्हणाली. "जेवते रे मी रोज. समोर कुणी बसत नाही."